मापं

आधी बूट बोलले.
सहाचे सात, सातचे साडेआठ.
दुकानातली मुलगी म्हणाली, वयानं पाय पसरतात,
आणि मला ते पटलं,
शेफिल्डच्या चढांवर कुणाचे पसरणार नाहीत?

मग अंगठी.
साबण, खोबरेल, बर्फ, दोरा,
सगळं करून झालं.
शेवटी रफाकत सोनारानं
बोटभर करवतीनं कापली, पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, "आपा, अंगठी लहान नाही झालेली.
डॉक्टरला दाखवा."
दोन डॉक्टरांना दाखवूनच मी आले होते.

पीयूषिका म्हणतात तिला आपल्यात.
नववीत बाईंनी फळ्यावर लिहिलं
तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं होतं,
"बाई, प्यायचं पियुष?"
वर्ग किती हसला होता.
वाटाण्याएवढी. नाकाच्या मुळामागे,
हाडाच्या खोबणीत बसलेली.
तिच्यात एक गाठ,
आणि त्या गाठीला कुणी सांगितलंच नाही
की मुलगी कधीच वाढून झाली,
पुरे आता.

नाकातून शिरून बरीचशी काढली.
उरली ती धमनीला बिलगलेली,
पातेल्याच्या कडेची खरवड.
"तिथे सुरी चालत नाही," डॉक्टर ओकाफोर म्हणाले,
"तिथे किरण."
शेजारच्या हॅरल्डनं चाळीस वर्षं
याच गावात सुऱ्यांच्या पात्यांना धार लावली.
त्याला सांगितलं तर विचारात पडला:
"मग धार असते कुठे?"

गरम पाण्यातून काढलेली जाळी
ग्वेननं मांड्यासारखी तोंडावर पसरली,
कडा दाबल्या.
दहा मिनिटांत ती घट्ट झाली
पुढे आलेल्या कपाळासकट, नव्या हनुवटीसकट.
चार वर्षं मी आरशाशी भांडत होते,
प्लास्टिकनं एकदाच सगळं मान्य केलं.

अठ्ठावीस सकाळी.
शनिवार-रविवार सुट्टी, गाठीला आणि मला.
मुखवटा टेबलाला खटकन अडकवायचा,
सगळ्यांनी बाहेर जायचं,
मी एकटी आत.
दुखत नाही. ऊबही नाही.
फक्त मिटल्या डोळ्यांत काहीतरी निळं लखलखायचं
आणि पोहण्याच्या तलावासारखा वास.
"काही जणांना येतो," ग्वेन म्हणाली,
जणू शिंकेबद्दल बोलतेय.

परतताना बसमध्ये गालांवर जाळीची नक्षी.
समोरचं पोर टक लावून बघायचं,
आई त्याची मान वळवायची.
एकदा मी मराठीत सांगून टाकलं,
"अनरसा आहे मी, बाळा. जाळी चांगली पडलीय."

शेवटच्या दिवशी विचारलं, "गेली?"
"आता वाट बघायची.
दोन वर्षं, पाच. कधी दहा."
हे त्यांनी आधीही सांगितलं होतं,
मीच कानाआड केलं होतं.

दर ऑक्टोबरात रक्त.
सातशे बारा.
सहाशे चाळीस.
सहाशे पासष्ट. त्या हिवाळ्यात मी कुणाला फोन केला नाही.
चारशे नव्वद.
मधेच ग्रंथीचा चांगला भागही थकला,
म्हणून आता सकाळी सातला गोळी,
आणि ताप आला तर दुप्पट.
श्रीरंग गजर लावतो,
गजर झाला की स्वतःच दचकतो.

मुखवटा मी मागून घेतला होता.
मागच्या अंगणात मेथीवर पालथा असतो,
कबुतरांनी कोंब उपटू नयेत म्हणून.
नाकाच्या उंचवट्याखाली सगळ्यात दाट उगवते.
हॅरल्ड कुंपणावरून त्याला गुड मॉर्निंग म्हणतो.

यंदा तीनशे दहा.
बूट साडेआठच. हाडं मागे फिरत नाहीत,
ते कुणी कबूलही केलं नव्हतं.
पण कापलेली अंगठी घेऊन
मी रफाकतकडे गेले.
त्यानं बोटात कड्या घालून पाहिल्या,
एक काढली, दुसरी घातली,
पुन्हा पहिली.
चष्मा वर सरकवून वही उघडली.

पेननं नको, मी म्हटलं.
पेन्सिलीनं लिहा.